चितळकरांचा राम मद्रासच्या पडद्यावर

सी. रामचंद्र, म्हणजेच रामचंद्र चितळकर, यांनी संगीतकार म्हणून केलेलं पहिलं काम मराठी नव्हतं आणि हिंदीही नव्हतं, ते तमिळ होतं. ‘जयक्कोडी’ आणि त्यानंतर १९४१ सालचा ‘वनमोहिनी’ हे ते दोन चित्रपट. दिग्दर्शक होते भगवान आभाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा. एक गिरणगावात वाढलेला, दुसरा पुणतांब्यात जन्मलेला, आणि दोघं मिळून तमिळ प्रेक्षकांसाठी जंगलपट काढताहेत. ‘वनमोहिनी’ची नायिका सिलोनची थवमणी देवी. आजच्या हिशेबाने हा प्रकार अजबच वाटतो. त्या काळी मात्र कुणाला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं, आणि चितळकरांची पुढची सगळी कारकीर्द समजून घ्यायची तर सुरुवात इथूनच करावी लागते.

आमच्या पिंपळगाव बसवंतहून त्यांच्या पुणतांब्याला जायचं म्हणजे निफाड, विंचूर, येवला, कोपरगाव असा रस्ता. आपल्या निफाड तालुक्यातून नांदूर मध्यमेश्वराहून पुढे गेलेली गोदावरीच पुणतांब्याच्या घाटाला लागते. दौंड-मनमाड लोहमार्गावरचं हे स्टेशन, चांगदेवांच्या समाधीचं गाव. तिथे १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर जन्मले. वडील रेल्वेत नोकरीला. मुलाचं शिक्षणात फारसं लक्ष नव्हतं, गाण्यात मात्र होतं. नागपुरात शंकरराव सप्रे आणि पुण्यात गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन असे दोन भक्कम गुरू त्यांना लाभले. पलुसकरांच्या परंपरेतलं हे शिक्षण, म्हणजे रागाची शिस्त, तालाचा हिशेब आणि शब्दांचा स्वच्छ उच्चार. पुढे याच माणसाच्या गाण्यांत सॅक्सोफोन आणि शिट्टी ऐकू आली म्हणून पुष्कळ लोक हा पाया विसरतात.

पण त्यांना व्हायचं होतं नट. वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’ (१९३५) मध्ये ते नायक झाले आणि चित्रपट पडला. हे राव म्हणजे पहिल्या कानडी बोलपटाचे, ‘सती सुलोचना’चे (१९३४) दिग्दर्शक, आणि तो कानडी बोलपट तयार झाला होता कोल्हापूरच्या स्टुडिओत! गंमत पाहा, त्यानंतर दोनेक वर्षांनी नाशिकच्या गोदावरी सिनेटोनने त्याच कथेवर मराठी चित्रपट काढला, त्याची पटकथा लिहिली आणि लक्ष्मणाची भूमिकाही केली ती वि. वा. शिरवाडकरांनी. प्राथमिक शाळेचे धडे पिंपळगावात गिरवलेले आपले कुसुमाग्रज. तोही चित्रपट चालला नाही. एकाच नदीच्या काठची दोन पोरं वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने पडद्यावर नट म्हणून आपटली, ही मराठी कवितेच्या आणि हिंदी सिनेमाच्या दृष्टीने मोठीच सोय झाली म्हणायची.

नट म्हणून काही जमेना तेव्हा चितळकर सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये गेले. लहानसहान भूमिका आणि पेटीची साथ. संगीतकार बुंदू खाँ आणि हबीब खाँ यांच्या तालमीत पेटीवर बसून चाली कशा लागतात, गायकाला कशा दिल्या जातात, वादकांकडून कशा बसवून घेतल्या जातात, हे त्यांनी रोज पाहिलं.

मग तमिळ का? बोलपट आल्यावर पहिली काही वर्षं मद्रासपेक्षा मुंबई, पुणे, कोल्हापूर, कलकत्ता इथले स्टुडिओ सुसज्ज होते. दक्षिणेचे निर्माते नट-नट्या घेऊन इकडे यायचे. प्रभातने मराठी-हिंदी जोडचित्रपट काढता काढता १९३४ मध्ये तमिळ ‘सीता कल्याणम’ही काढला. ‘माणूस’ (१९३९) मध्ये शांता हुबळीकरांच्या तोंडी असलेल्या, मास्टर कृष्णरावांनी चाल दिलेल्या एका गाण्यात तर एकामागून एक वेगवेगळ्या भाषांतली कडवी आली. अशा वातावरणात एखाद्या मराठी मुलाला तमिळ चित्रपटाचं संगीत मिळणं म्हणजे आकाशातून पडलेलं भाग्य नव्हे, कामधंद्याचाच भाग.

आता न येणाऱ्या भाषेत चाल लावायची कशी, हा खरा प्रश्न. बाहेरून वाटतं की अर्थ कळला की झालं. अर्थ तर कुणीही सांगेल. अडचण असते ती तोंडाची. तमिळमध्ये ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर. ‘ए’ आणि ‘ओ’ यांचेही ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन स्वर. जोडव्यंजनांवर जीभ थांबते. हिंदी गाण्यात ‘पिया’मधला ‘पि’ तुम्ही चार मात्रा खेचलात तरी कुणी भुवया उंचावत नाही. तमिळ कानाला तसला हलगर्जीपणा लगेच टोचतो. दुसरं म्हणजे यमक. आपल्याकडे यमक ओळीच्या शेवटी येतं, आणि मराठी-हिंदी चाल लावणारा शेवटच्या अक्षरासाठी एक हक्काची जागा राखून ठेवतो. तमिळ कवितेत ओळींच्या दुसऱ्या अक्षरांचा मेळ साधण्याची जुनी रीत आहे, आणि पहिल्या अक्षरांचा मेळ तर आहेच. म्हणजे नादाचा खेळ ओळीच्या तोंडाशी होतो. चाल लावणाऱ्याला मुखड्याचा जोर तिथे आणावा लागतो. हे व्याकरणाच्या पुस्तकातून जमत नाही. कवीला समोर बसवून ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लावायची, कुठे श्वास पडतो ते बघायचं, मग पेटीवर बोट ठेवायचं. विनायकबुवांच्या शिष्याला हे कान उपजत नसले तरी शिकवलेले होते.

भगवानदादांनीच १९४२ मध्ये ‘सुखी जीवन’ दिला आणि हिंदीत पाय रोवले गेले. ‘सी. रामचंद्र’ हे नाव दक्षिणी वळणाचं. गाव किंवा घराण्याचं आद्याक्षर आधी आणि स्वतःचं नाव मागून, मद्रासकडे लिहितात तसं. ते वापरलं संगीतकार म्हणून. गायक म्हणून ध्वनिमुद्रिकेवर ‘चितळकर’. कधी ‘राम चितळकर’, शिवाय ‘अण्णासाहेब’ आणि ‘श्यामू’ ही टोपणनावंही वापरली. मित्रमंडळींत नुसते ‘अण्णा’. बरीच वर्षं अनेक श्रोत्यांना चितळकर आणि सी. रामचंद्र ही दोन माणसं वाटायची.

१९४७ च्या ‘शहनाई’मध्ये रविवारी भेटायला बोलावणाऱ्या त्या प्रसिद्ध गाण्याने खळबळ उडवली. लेखक प्यारेलाल संतोषी. गाण्यात शिट्टी आहे, माउथ ऑर्गन आहे, गिटार आणि आल्टो सॅक्सोफोन आहे. बेनी गुडमनसारख्या अमेरिकी वाद्यवृंदांच्या ध्वनिमुद्रिका चितळकरांनी कान देऊन ऐकल्या होत्या. साहेबी थाटाचा पुरुष आणि त्याला वाटेला लावणारी बाई, असा हा सवाल-जवाब. बारकाईने ऐकलं तर बांधणी तमाशातल्या झगड्याचीच आहे, कपडे तेवढे विलायती. चितळकरांचं पाश्चात्त्य संगीत मला नेहमी याच कारणाने आवडतं. त्यात उसनेपणाची लाज नाही आणि मूळ सोडल्याचा अभिमानही नाही.

हे संगीत वाजवणारी माणसं कुठून आली, हे सांगायलाच हवं. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जाई. कागदावरचे स्वर पाहून थेट वाजवणारे वादक त्या गावांतून मुंबईत येत, हॉटेलांच्या नाचघरांत रात्री जॅझ वाजवत आणि दिवसा स्टुडिओत. बार्देशातल्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, त्यांतले सगळ्यांत झगमगीत. ताजमहाल हॉटेलात त्यांचा ताफा वाजे आणि लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ते चितळकरांचे सहायक झाले. जॉनी गोम्सही होते.

काम चालायचं असं. चितळकर पेटीवर चाल गाऊन दाखवणार. मध्ये जी मोकळी जागा उरते, म्हणजे मुखडा आणि अंतरा यांच्यामधली, तिथे काय वाजावं ते तोंडाने ‘प पॅ पा’ करून सुचवणार. गोंयकार संयोजक ते पाच रेघांच्या कागदावर उतरवणार, ट्रम्पेटला काय, सॅक्सोफोनला काय, व्हायोलिनच्या रांगेला काय, याची वाटणी करणार, प्रत्येक वादकाला त्याचा कागद देणार. ढोलकी-तबलेवाल्याला कागद नाही, त्याला ठेका बोलून सांगायचा. मग गायक आणि वादक एकाच दालनात उभे राहून एका दमात ध्वनिमुद्रण. कुणी चुकला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. तबकडी तीन-सव्वातीन मिनिटांची, पाल्हाळाला जागाच नाही. त्या खोलीत मराठी, कोंकणी, उर्दू, पंजाबी, इंग्रजी एकाच वेळी बोलल्या जात असणार. चितळकरांचं बहुभाषिकत्व हे असं खोलीभर पसरलेलं होतं, एकट्या डोक्यात साठवलेलं नव्हतं. ‘समाधी’ (१९५०) मधलं लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकींचं गोऱ्या छबकड्याचं गाणं घ्या. एडमंडो रॉसच्या वाद्यवृंदाने गाजवलेल्या एका लॅटिन गीताचा त्यात सरळ आधार आहे. चोरी म्हणायची तर म्हणा. पण विजापूरकडची गायिका, मराठी संगीतकार, पंजाबी कवी आणि गोव्याचा ट्रम्पेट अशा मांडणीत ते गाणं मूळ गीतापासून पार निराळं होऊन बसलं आहे.

तो पंजाबी कवी म्हणजे राजेंद्र कृष्ण. ‘पतंगा’ (१९४९) मधल्या टेलिफोनच्या गाण्यात रंगूनला गेलेला नवरा आणि डेहराडूनची बायको. शमशाद बेगमबरोबर नवऱ्याचा आवाज चितळकरांचाच. १९५१ चा ‘अलबेला’ या जोडीचं शिखर. पुन्हा भगवानदादा, सोबत गीता बाली, आणि लताबाईंबरोबर स्वतः चितळकर. पडद्यावर चिक चॉकलेटचा ताफाही दिसतो. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत बेंजो पार्टी त्यातली दोन-तीन गाणी अजून वाजवते, आणि नाचणाऱ्यांपैकी कुणाला चित्रपटाचं नावही ठाऊक नसतं. त्याच ‘अलबेला’त पिलू रागातली अंगाईही आहे, इतकी हळुवार की बाकीच्या धांगडधिंग्याचा कर्ता तोच आहे यावर विश्वास बसू नये.

आणखी एक गोष्ट. ‘शिन शिनाकी बुबला बू’ (१९५२) हे चित्रपटाचं नाव किंवा ‘आझाद’मधलं ‘अपलम चपलम’ हे निव्वळ नाद आहेत. निरर्थक अक्षरांना कोणत्याही प्रांतात दुभाषा लागत नाही. मुंबईच्या चित्रपटाला पेशावरपासून मदुराईपर्यंत गिऱ्हाईक हवं असे, तिथे असा मुखडा फार कामाला येई. उलट बोलीची खरी चवही त्यांना वर्ज्य नव्हती. ‘नदिया के पार’ (१९४८) साठी भोजपुरी कवी मोती बी. ए. यांची गाणी त्यांनी बांधली, भोजपुरी सिनेमा जन्माला यायच्या कितीतरी आधी.

‘अनारकली’ (१९५३) मध्ये मात्र सगळी मस्ती बाजूला ठेवून ते गांधर्व महाविद्यालयात परतले. बागेश्री, भीमपलासी, आणि उर्दू शब्दांचा एकेक नुक्ता जपणारी लताबाईंची गायकी. या चित्रपटातली एक चाल दोन वर्षांनी तेलुगू ‘अनारकली’त आदिनारायण राव यांनी जिक्कीच्या आवाजात घेतली आणि ती तिकडेही रुजली.

दक्षिणेने मग त्यांना पुन्हा पुन्हा बोलावलं. कोइमतूरच्या पक्षिराजा स्टुडिओचे श्रीरामुलु नायडू ‘आझाद’ (१९५५) काढत होते. त्यांच्याच तमिळ ‘मलैक्कळ्ळन’चा हा हिंदी अवतार, दिलीपकुमार आणि मीनाकुमारीला घेऊन. संगीत महिन्याभरात हवं होतं. नौशाद यांनी एवढ्या घाईत काम करायला नकार दिला. चितळकरांनी होकार दिला आणि मुदतीत सगळी गाणी तयार केली. त्यातलं एक युगुलगीत तलत महमूद यांच्यासाठी होतं, ते वेळेवर येऊ शकले नाहीत म्हणून चितळकरांनी स्वतःच गाऊन टाकलं, असा किस्सा सांगतात. आवाज तलतच्या इतका जवळ नेला आहे की अजूनही अनेकजण फसतात. गायक म्हणून त्यांची किंमत आपण नीट केली नाही असं मला वाटतं. मोठा आवाज नव्हता, फिरत बेताची, पण गाण्यातलं पात्र कोण आहे हे त्यांना पहिल्या स्वरापासून ठाऊक असे. रंगूनचा नवरा, रविवारचा साहेब, ‘अलबेला’तला भोळा आशिक, ‘आझाद’चा रुबाबदार नायक. हे सगळे एकाच गळ्यातून आले.

मद्रासच्या जेमिनीचे एस. एस. वासन यांनी १९५८ मध्ये ‘वंजिकोट्टै वालिबन’ तमिळमध्ये आणि ‘राज तिलक’ हिंदीत काढला. संगीत दोन्हीकडे चितळकरांचं. तमिळमधलं वैजयंतीमाला आणि पद्मिनी यांच्या नृत्याच्या चढाओढीचं गाणं पी. लीला आणि जिक्की यांनी गायलं, शब्द कोत्तमंगलम सुब्बू यांचे. एकीने तुकडा टाकायचा, दुसरीने उचलायचा, लय पायरीपायरीने वाढत जायची. चढाओढ पाहून खलनायक पी. एस. वीरप्पा जी दाद देतात ते वाक्य तमिळ बोलण्यात म्हणीसारखं रुळलं आहे. तमिळनाडूत अजून हे गाणं नृत्यस्पर्धांतून वाजतं. चाल तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या माणसाची आहे हे तिकडे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं, आणि खरं सांगायचं तर इकडेही नसतं.

याच काळात दिल्लीत नभोवाणी मंत्री होते बी. व्ही. केसकर, मूळचे पुण्याचे आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. १९५२ पासून त्यांनी आकाशवाणीवर चित्रपटगीतांची कोंडी केली. लोकांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून सरकारने माघार घेतली. शुद्ध संगीताचा आग्रह धरणारे केसकर आणि त्याच पलुसकरी शिस्तीतून येऊन रंबा वाजवणारे चितळकर, हे दोन मराठी स्वभाव एकमेकांसमोर ठेवून पाहण्यासारखे आहेत.

युरोपात असा अनेक भाषांत वावरणारा माणूस शोधला तर नेदरलँड्सच्या हर्मन फान फेन यांची आठवण होते. १९४५ मध्ये उत्रेख्तला जन्मलेले हे गायक, संगीतकार आणि व्हायोलिनवादक डचमध्ये गातात तसे जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजीतही गातात. जर्मनीत तर त्यांचा श्रोता घरच्यासारखा आहे. लहान भाषेच्या कलावंताला शेजाऱ्याच्या भाषेत जावंच लागतं. पण फान फेन स्वतःची गाणी आणि स्वतःचा रंगमंच घेऊन सीमेपलीकडे गेले. चितळकर दुसऱ्यांच्या गरजेनुसार दुसऱ्यांच्या भाषेत गेले, वेळापत्रकही दुसऱ्यांचंच. स्वतःचं म्हणून त्यांनी न्यू साई प्रॉडक्शन्स काढून चित्रपटनिर्मिती केली, त्यात हात पोळले.

व्ही. शांतारामांच्या ‘नवरंग’ (१९५९) मध्ये मालकंसातलं अर्ध्या चंद्राचं गीत दिल्यानंतर मात्र कामाचा ओघ आटला. नवे संगीतकार आले, लताबाईंबरोबरचं कामही मध्ये काही काळ थांबलं. चीनच्या युद्धानंतर २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर, पंडित नेहरूंच्या समोर, कवी प्रदीप यांचं गीत लताबाईंनी गायलं. त्याची चाल चितळकरांची. त्या गाण्याविषयी इतकं लिहून झालंय की भर घालण्यात अर्थ नाही. एवढंच सांगतो की २६ जानेवारीला शाळाशाळांतून ते लागतं तेव्हा गायिकेचं नाव सगळ्यांना सांगता येतं, कवीचं थोड्यांना आणि संगीतकाराचं विचारूच नये.

मराठी त्यांच्या वाट्याला नीट आली ती उतारवयात. ग. दि. माडगूळकरांचं ‘गीत गोपाल’ त्यांनी स्वरबद्ध केलं, रंगमंचावर गाऊन सादरही केलं. ‘गीतरामायणा’च्या सावलीत ते झाकलं गेलं, हे दुर्दैव. राजा ठाकूर यांचा ‘घरकुल’ (१९७०) मात्र आवर्जून ऐकावा. त्यात सुरेश भटांच्या मलमली शब्दांना आशा भोसले यांचा आवाज आहे, आणि बाबा कुणाचे, आई कुणाची असा लाडिक वाद घालणारं घरगुती गाणंही आहे, अरुण सरनाईक, प्रमिला दातार आणि राणी वर्मा यांचं. नट सरनाईकांकडून गाऊन घ्यायचं म्हणजे चाल अशी हवी की ती बोलता बोलता गायली जावी. स्वतः नट होऊ पाहिलेल्या माणसाला ते बरोबर जमलं. १९७७ मध्ये त्यांनी ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र लिहिलं. ते इतकं मोकळं आहे की अनेकांना पचलं नाही.

कारकिर्दीच्या अखेरीअखेरीस त्यांना परत एक अनारकली भेटली, या वेळी तेलुगूत. एन. टी. रामाराव यांनी ‘अकबर सलीम अनारकली’ काढायचं ठरवलं. स्वतः अकबर आणि मुलगा बालकृष्ण सलीम. संगीतासाठी हैदराबाद-मद्रासकडचा कुणी न घेता त्यांनी चितळकरांना बोलावलं, कवी होते सी. नारायण रेड्डी. सलीमच्या आवाजासाठी महंमद रफींना आणलं, म्हणजे पंजाबी गायकाने मराठी संगीतकाराच्या चालीवर तेलुगू गायचं. पी. सुशीलांबरोबरचं त्यांचं युगुलगीत ऐकताना रफींचे उच्चार इकडेतिकडे झाल्याचं तेलुगू माणसाला कळतही असेल, पण आंध्रात ते गाणं लोक आजही आवडीने ऐकतात. ५ जानेवारी १९८२ रोजी, चौसष्टावा वाढदिवस आठवड्यावर असताना, मुंबईत चितळकर गेले.